आईला वाचून दाखवलेली मालिका

परवा प्लास्टिकच्या कचऱ्याची पिशवी घेऊन खाली उतरलो. लिफ्टचं दार उघडलं आणि तो वास आला. किनमोकुसेई फुललं होतं.

जपानमधल्या आमच्या ओजिमाच्या वसाहतीत या झाडाला वर्षभर काळं कुत्रंही विचारत नाही. सायकलींच्या शेडमागे ते मुकाट उभं असतं. सप्टेंबर सरता सरता मात्र एका सकाळी त्याच्या अंगभर तांदळाच्या कणीएवढी केशरी फुलं येतात आणि दहाबारा दिवस सगळी वसाहत त्याच्या ताब्यात जाते. वास गोड, जर्दाळूच्या वळणाचा, आणि तऱ्हा अशी की झाडाजवळ तो कमी येतो आणि लांब जास्त. जिन्यात येतो, बंद खिडकीतून येतो, वाळत घातलेल्या शर्टाला येतो. मी पिशवी ठेवली, कावळ्यांनी उचकू नये म्हणून वरून जाळी ओढली, कडा दाबल्या आणि तिथेच उभा राहिलो. नऊची मीटिंग होती, पण पाय निघेना.

चार वर्षांपूर्वी आई इथे आली ती याच वासात. तीन महिन्यांचा व्हिसा, तीन किलो भाजणी, एक लोखंडी तवा आणि प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये चार मुलींचे बायोडेटा. मी तेव्हा अडतीस वर्षांचा होतो. आई पुण्यात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं ऑपरेटर होती, त्यामुळे आलेला कॉल पुढे जोडून द्यायची तिला सवय. नातेवाईक विचारायचे, "अभिजितचं काय?" आणि ती तो प्रश्न जसाच्या तसा माझ्याकडे जोडून द्यायची. बाबा गेल्यापासून तर लाइन चोवीस तास सुरू होती.

ती यायच्या आदल्या शनिवारी ताकेशी घराबाहेर पडला.

ताकेशी आणि मी त्या घरात सहा वर्षं एकत्र राहत होतो. माझं त्याच्यावर प्रेम होतं. हे चार शब्द मराठीत लिहायला मला आज दहा मिनिटं लागली. जपानीत तर मी ते कधी म्हटलेच नाहीत, कारण जपानीत सहसा कुणीच ते म्हणत नाही आणि मला ती सोय फार मानवली होती. एदोगावा वॉर्डाच्या सभागृहात रविवारी परदेशी लोकांना जपानी शिकवायला तो स्वयंसेवक म्हणून यायचा, तिथे आमची ओळख झाली. एरवी तो ग्योतोकूच्या एका औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होता. दुकानाजवळच त्याने तीन महिन्यांच्या बोलीवर एक खोली घेतली.

"तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे," मी म्हणालो.

"हो," तो म्हणाला आणि सामान बांधायला लागला. टूथब्रश, चपला, भाताचा निळा वाडगा, बाथरूममधल्या कंगव्यात अडकलेले केससुद्धा. मला जमलं नसतं इतक्या काळजीने त्याने त्या घरातून स्वतःला काढून घेतलं. मी दार धरून उभा होतो आणि मनात म्हणत होतो, किती समजूतदार माणूस आहे हा. समजूतदार माणसांचा फायदा घेण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

कोरियन मालिकांचं वेड मला ताकेशीने लावलं आणि आईला पुण्यात शेजारच्या काकूंनी. पुण्यात ती हिंदीतून बघायची. इथे माझ्या टीव्हीवर हिंदी नव्हतं, नुसती इंग्रजी आणि जपानी सबटायटल्स. आईचं इंग्रजी चांगलं, पण पळत्या ओळी वाचताना तिचं डोकं चढायचं. मग मीच वाचून दाखवायला लागलो. रोज सात वाजता, जेवणं उरकली की, आई सोफ्यावर मांडी घालून बसायची आणि मी खाली जमिनीवर. पडद्यावर ओळ आली की मी ती मराठीत सांगायचो. पहिले दोन दिवस अडखळलो, मग लय सापडली. खाष्ट सासूला मी सदाशिव पेठेचा ठसका दिला, तिच्या सुनेला मिरजेचा मऊपणा. आई मधेच रिमोट ओढून चित्र थांबवायची.

"ही नवऱ्याला अरेतुरे करते?"

"आई, कोरियनमध्ये वेगळं असतं."

"असू दे. तू अहो म्हण. कानाला बरं वाटतं."

मग मी अहो म्हणायचो. कोरियातल्या कितीतरी संसारांना मी त्या शरद ऋतूत मराठी वळण लावलं.

मालिका एका बंदराच्या गावातल्या लॉण्ड्रीवाल्या कुटुंबाची होती. बाप दिवसभर वाफेच्या इस्त्रीपाशी, आई कपड्यांना चिठ्ठ्या टाचते, मोठी मुलगी नवऱ्याला सोडून आलेली आणि धाकटा मुलगा शाळेत मास्तर, कायम गप्प. माझी आई त्या मालिकेला "इस्त्रीवाल्यांची" म्हणायची. धाकटा गप्प का, हे मला माहीत होतं. ताकेशीबरोबर मी ती आधीच पाहिली होती. अकराव्या भागात तो मुलगा आपल्या आईला सांगतो की त्याचं प्रेम एका पुरुषावर आहे. मी मुद्दाम तीच मालिका लावली होती. माझा साधा बेत होता. जे मला सांगता येत नाही ते पडद्यावरचा मुलगा सांगेल, मी फक्त वाचून दाखवीन. आई काय म्हणते ते मला मागे न वळता ऐकू येईल.

असा बेत करणाऱ्या माणसाला भित्रा म्हणतात, हे मला तेव्हाही कळत होतं.

या मालिकांनी आमच्यासारख्यांना काय दिलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. इतर लोक शेअर बाजाराचा करतात तसा. जुन्या मालिकांतला एक ठरलेला प्रकार म्हणजे मुलीने मुलाचे कपडे घालून नोकरी धरायची आणि मालकाने तिला मुलगा समजून तिच्या प्रेमात पडायचं. तो बिचारा तळमळतो, रात्र रात्र पळत सुटतो, डॉक्टरकडे जातो. मग ती मुलगी आहे असं कळतं आणि त्याच्यासकट सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. तो तळमळतो ते आठदहा भाग आमचे. पुढच्या भागापासून आम्ही आपापल्या घरी. दुसरा प्रकार नायिकेच्या मित्राचा. त्याचे कपडे सगळ्यात चांगले, सल्ले सगळ्यात शहाणे, आणि त्याला स्वतःला मात्र कुणी नाही. शेवटच्या भागात तो बॅग घेऊन विमानतळावर दिसतो. परदेशी गेला की प्रश्न सुटला. मी पुण्याहून निघालो तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं.

अलीकडे पंधरावीस मिनिटांचे भाग असलेल्या छोट्या मालिका निघाल्या आहेत. त्यांत दोन तरुण मुलंच नायक असतात. ताकेशी आणि मी त्या एका बैठकीत संपवायचो. पाऊस, एकच छत्री, कॉलेजची ग्रंथालयं, सगळं फार गोड. मी हावऱ्यासारखा बघायचो. पण एकदा ताकेशी म्हणाला, "यांच्यात कुणाला आई नाही, बघितलंस?" मग आम्ही मोजायला लागलो. खरंच नव्हती. फोनवरसुद्धा नव्हती. आई आली असती तर पंधरा मिनिटांत उरकलं नसतं.

इस्त्रीवाल्यांच्या धाकट्याला आई होती. म्हणून ती मालिका माझ्या जिवाला लागली होती.

दसरा आला तेव्हा आमचा नववा भाग चालू होता. आई म्हणाली, "सणाला घरात दोनच माणसं बरी दिसत नाहीत. तुझ्या ऑफिसातले ते ताकेशीसान, ज्यांचं तू सारखं सांगतोस, त्यांना बोलाव की." मी सारखं सांगत होतो हे मला तेव्हा कळलं.

तो आला. निइगाताला त्याच्या आईच्या अंगणात काकी नावाच्या केशरी फळाचं झाड आहे, त्याची फळं घेऊन आला. बूट काढले आणि दारातच उभा राहिला. सहा वर्षं ज्या घरात राहिला तिथे तो पाहुण्यांच्या सपाता कुणीतरी पुढे करण्याची वाट पाहत होता. मी त्या पुढे केल्या. आम्ही दोघांनी एकमेकांना वाकून नमस्कार केला. तो क्षण आठवला की अजूनही मला माझी शरम वाटते.

आईने श्रीखंड पुरी केली होती. ताकेशी हाताने जेवला, बोटांची दोनच पेरं खरकटी करत. "किती छान जेवतात रे हाताने," आई म्हणाली. मी म्हणालो, "इंडियन रेस्टॉरंटला जातो ना आम्ही कधी कधी." जेवणं झाल्यावर ती देवापुढची वाटी घेऊन आली. इथे आपट्याची पानं कुठली मिळायला. सकाळी तिने सायकलींच्या शेडमागे जाऊन झाडाखालची फुलं वेचून आणली होती. "पारिजातकासारखीच पडतात की ही," असं म्हणत आली होती. वाटीतली चिमूटभर फुलं तिने माझ्या हातावर ठेवली, मी पाया पडलो. मग ताकेशीच्या ओंजळीत ठेवली.

"सोनं घ्या, सोन्यासारखं राहा," ती म्हणाली. "आणि येत जा. हा एकटा असतो."

ताकेशीने माझ्याकडे पाहिलं. "ओकासान काय म्हणाल्या?" ओकासान म्हणजे आई.

मी सांगितलं, "सणाच्या शुभेच्छा देतेय."

त्याने खिशातून कागदाचा एक चौकोन काढला. दुकानात औषधाची पूड बांधतात तशी घडी घालून त्याने ती फुलं पुडीत ठेवली आणि पुडी शर्टाच्या वरच्या खिशात. कोरियन टीव्हीवर चाकू आणि सिगारेटसुद्धा धूसर करून दाखवतात, कुणाला त्रास होऊ नये म्हणून. मी त्या संध्याकाळी दोन्ही बाजूंनी तेच करत होतो.

निघताना त्याने बूट घातले आणि दाराशी टांगलेली प्लास्टिकच्या कचऱ्याची पिशवी सहज उचलून नेली. आमच्या वसाहतीत पिशवी आदल्या संध्याकाळी ठेवू देतात. आसपास बहुतेक ठिकाणी सकाळीच ठेवायची असते. ही सवलत इथे राहणाऱ्यांनाच माहीत. आई आल्या दिवशी मी तिच्याकडून हे सगळे नियम घोकून घेतले होते आणि या एका सवलतीबद्दल फुशारकीही मारली होती.

"अरे, पाहुण्यांना काय कचरा देतोस?"

"जपानी लोक असेच असतात, आई. शिस्त."

आई बाल्कनीत गेली. मी भांडी घासत होतो. ती बराच वेळ तिथे उभी होती. आत आली तेव्हा एवढंच म्हणाली, "जाळीच्या कडासुद्धा दाबल्या त्यांनी." मग उरलेलं श्रीखंड डब्यात काढायला लागली.

अकराव्या भागाच्या दिवशी पाऊस पडून गेला होता. फुलं सगळी खाली आली होती आणि सायकलींच्या सीटवर केशरी थर साचला होता. सात वाजता आम्ही बसलो. पडद्यावर दुकान बंद झालंय. आई कपड्यांवरची प्लास्टिकची आवरणं सारखी करतेय. धाकटा येतो, इस्त्रीच्या टेबलाला धरून उभा राहतो. बोलतो. खाली ओळ आली. मला ती आधीपासून पाठ होती.

मी घसा खाकरला आणि म्हणालो, "आई, मला हे दुकान चालवायचं नाही."

पडद्यावरचा मुलगा ढसाढसा रडत होता. त्याची आई काही बोलत नव्हती. ती शांतता त्या मालिकेत फार लांब आहे. मग ती विचारते, "जेवलास का?" आणि आत जाऊन त्याला भात वाढते. तेवढं मी बरोबर सांगितलं.

"एवढंच?" मागून आईचा आवाज आला. "दुकान चालवायचं नाही म्हणून एवढा रडतो?"

"त्यांच्यात घरचा धंदा म्हणजे मोठी गोष्ट असते."

"हं," आई म्हणाली. थोड्या वेळाने तिने पाणी मागितलं.

डिसेंबरात ती परत गेली. जाताना तो प्लास्टिकचा फोल्डर माझ्या हातात दिला. "चांगला आहे, तुझे व्हिसाचे कागद ठेव." आत काही नव्हतं. त्यानंतर आजतागायत तिने मला एकही स्थळ सुचवलेलं नाही. मी ते माझं नशीब समजलो आणि नशिबाला कुणी कारण विचारत नाही.

ताकेशी परत आला. निळा वाडगा पुन्हा फळीवर आला, पण एक बॅग त्याने उघडलीच नाही. ती कपाटात तशीच उभी होती. पुढच्या एप्रिलमध्ये त्याने सेंदाईच्या शाखेत बदली मागून घेतली. मी विचारलं, रागावलास का. तो म्हणाला, "नाही. पण पन्नाशीला आल्यावर पुन्हा तुझ्या ऑफिसातला ताकेशीसान व्हायचं नाहीये मला." ओजिमाच्या स्टेशनवर आम्ही वाकून नमस्कार केला, दोन सहकाऱ्यांसारखा. घरी येऊन मी ती फुलांची पुडी शोधली. ती तो घेऊन गेला होता. तेवढ्या एका गोष्टीवर मी साडेतीन वर्षं काढली आहेत.

आठवण येते म्हणजे नक्की काय येतं, हे या वासाने मला दरवर्षी कळतं. त्याचा चेहरा येत नाही. दारात सपातांची वाट पाहणारे त्याचे पायमोजे येतात. आईचं "अहो म्हण" येतं. सात वाजता सुरू होणारी ती दोन तासांची मराठी येते, जी मी त्यानंतर कुणाशी बोललो नाही. ते दोघं एकाच घरात, एकाच टेबलाशी बसले होते आणि मला ते हवं होतं, नेहमीसाठी हवं होतं, आणि मी मधे बसून शब्द कापत होतो.

आई आता चौऱ्याहत्तरची. गुडघ्यांमुळे एवढा प्रवास झेपणार नाही. दर रविवारी तिच्या साडेअकराला, म्हणजे इथल्या तीन वाजता, आम्ही व्हिडिओ कॉल करतो. काल मी तिला म्हणालो, "ती फुलं आली, आई." तिने पलीकडून खरोखरच नाक पुढे केलं. मग म्हणाली, "इस्त्रीवाल्यांची लाव ना."

"तुझ्याकडे हिंदीत आहे की."

"आहे. पण तुझ्यासारखं सांगत नाहीत. तू लाव, मला टीव्ही दिसू दे. अकरावा भाग."

मी फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा केला. खिडकी उघडी होती. दुकान बंद झालं, आवरणं सारखी झाली, धाकटा आला. टेबल धरून उभा राहिला. ओळ आली.

मी घसा खाकरला.

"घसा नको खाकरूस," आई म्हणाली. "बत्तीस वर्षं लोकांचे आवाज ऐकलेत मी. खोटं बोलायच्या आधी माणूस घसा साफ करतो. आहे ते वाच."

मी टीव्हीकडे बघूनच वाचलं. "आई, माझं ज्याच्यावर प्रेम आहे, तो पुरुष आहे."

पडद्यावरची आई गप्प होती. फोनमधली आई गप्प होती. ती लांब शांतता मी या वेळी पहिल्यांदा पूर्ण ऐकली.

"आता ती विचारते, जेवलास का," आई म्हणाली. "पाठ आहे मला. चारदा बघितलाय हा भाग."

"कधी?"

"पुण्याला परत आल्यावर, पहिल्याच आठवड्यात. दुकानासाठी कुणी एवढं रडत नसतं, अभि."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले. आणि खरं सांगायचं तर भ्यायले होते. पहिल्यांदा बघितला तेव्हा दोन दिवस मला अन्न गेलं नाही. मग म्हटलं, त्या बाईला जमलं, मला का जमू नये. म्हणून परत परत बघितला." तिने चष्मा काढून पदराने पुसला. "ताकेशीसान कुठे असतात हल्ली?"

"सेंदाईला."

"वेळेवर जेवतात का?"

"मला माहीत नाही, आई."

"विचारलं नाहीस?"

"इतक्या वर्षांनी काय म्हणून विचारू?"

"माझं नाव सांग," ती म्हणाली. "सांग की आईने विचारलंय."

कॉल संपल्यावर मी फोन हातात घेऊन बाल्कनीत उभा राहिलो. खालून वास येत होता. मी जपानीत लिहिलं, "माझ्या आईने विचारलंय, ताकेशीसान जेवतात का वेळेवर." मग त्याच्याखाली, चार वर्षं उशिरा, दसऱ्याचं तिचं वाक्य लिहिलं. सोनं घ्या, सोन्यासारखं राहा, आणि येत जा, हा एकटा असतो. एकही शब्द गाळला नाही.